पॉलिशच्या डबीचा कोपरा

चारही कोपऱ्यांत गंजाच्या रंगाची एकेक चंद्रकोर दिसत होती.

बाकी पाटी झकास होती. पांढरंशुभ्र ॲक्रिलिक, त्यावर निळ्या रंगात ‘कान-नाक-घसा’, अक्षरं अशी ठसठशीत की जिन्यावरूनच वाचावीत. पण दाराशेजारच्या लोखंडी चौकटीत ती बसवली आणि चारी कोपऱ्यांत मागचा जुना पत्रा उघडा पडला. नखाएवढाच. पण एकदा दिसला की नजर अक्षरं सोडून तिथेच जाऊन बसे.

दवाखान्याच्या इमारतीची देखरेख करणारा मुकादम कंबरेवर हात ठेवून बघत उभा होता. "काकू, इथे लोक कान दाखवायला येतात, म्हणून एक वेळ चालून गेलं असतं," तो म्हणाला. "पण वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात."

काकूंना विनोद कळला, म्हणूनच जास्त झोंबला.

काकू म्हणजे पाट्यांच्या दुकानातल्या काकू. त्यांना नाव होतं, पण ते सही करण्यापुरतं. एरवी सुतारापासून डॉक्टरापर्यंत सगळे काकूच म्हणत. शाळा तिसरीत सुटली होती. नवरा पाट्या रंगवायचा, सगळे त्याला पेंटर म्हणत आणि काकूही पेंटरच म्हणत. पेंटर अक्षरं काढायचे, काकू मापं घ्यायच्या. कापडी फीत गळ्यात, पेन्सिल अंबाड्यात. पेंटर गेले, ब्रश वाळून खराट्यासारखे झाले, अक्षरं कॉम्प्युटर काढू लागला, कापायला सुनेने मशीन आणलं. फीत मात्र काकूंच्या गळ्यातून उतरली नाही. माप काकूंचंच. दुकानात बाकी कशावरही वाद व्हायचा, त्यावर नाही.

कोपऱ्यांसाठी भिंतीवर एक दोरी टांगलेली असे, तिच्यात झाकणं ओवलेली. खोकल्याच्या औषधाचं, पावडरच्या डब्याचं, बुटाच्या पॉलिशच्या डबीचं, असं लहानापासून मोठ्यापर्यंत. गिऱ्हाइकाला पाटीचा कोपरा गोल हवा असला की काकू विचारत, "केवढा गोल? खोकला, पावडर, की पॉलिश?" गिऱ्हाईक बोट ठेवी, काकू झाकणाभोवती पेन्सिल फिरवत, पेंटर करवत चालवत. वहीतही तसंच लिहिलेलं सापडे. शाळेच्या फाटकाची पाटी, कोपरा पॉलिश.

दवाखान्यात पहिल्या दिवशी काकूंनी हेच केलं होतं. बासष्ट दारं, बासष्ट चौकटी, सगळ्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या. जुन्या पाट्या कधीच भंगारात गेलेल्या. काकूंनी पॉलिशचं झाकण चौकटीच्या कोपऱ्यावर ठेवलं. काठाला काठ असा लागला की मध्ये केस जाणार नाही. "पॉलिश," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दाराकडे ढुंकूनही न बघता जिना उतरल्या. सुनेने झाकण कॅलिपरच्या चिमट्यात धरलं, रुंदी बावन्न मिलिमीटर भरली. त्याचे निम्मे सव्वीस. मशीनला सव्वीस सांगितले, मशीनने सव्वीस कापले. आणि आता या चंद्रकोरी.

"शनिवारी सकाळी एक पाटी नीट बसवून दाखवा," मुकादम म्हणाला. "मग बाकीच्या एकसष्ट करायला घ्या."

दुकानात परत आल्यावर काकूंनी चप्पल काढायच्या आधी तोंड उघडलं.

"मशीन गोल नीट फिरत नसेल."

"मी कापलेल्या कोपऱ्यावर झाकण ठेवून बघितलं, आई," सून म्हणाली. "तंतोतंत आहे."

"मग ॲक्रिलिक आखडलं असेल."

"एका दिवसात? आणि नेमकं कोपऱ्यांतच?"

मागे पत्रेवाला पत्रा वाकवत बसला होता. पाट्यांभोवतीच्या पट्ट्या तोच करायचा, पेंटरच्या वेळेपासून. त्याने हातोडी थांबवली. "काकू, कपडे आखडतात. ॲक्रिलिक आखडलेलं मी नाही बघितलं."

"तू तुझा पत्रा वाकव. तोंड वाकडं करायची वेळ आली की बोलवीन."

सून मशीनजवळ उभी राहून पाटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती. ती भांडणारी नव्हती, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर पडेपर्यंत तिला चैन नसे. "मला वाटतं, आई," ती पाटीकडेच बघत म्हणाली, "माप चुकलंय."

पत्रेवाल्याने हातोडी खालीच ठेवली. चाळीस वर्षांत त्या दुकानात हे दोन शब्द कुणी उच्चारले नव्हते. पेंटरनीसुद्धा नाही, आणि पेंटर काही कमी फटकळ नव्हते.

काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझं माप चुकलं असेल ना," त्या म्हणाल्या, "तर ही फीत काढून तुझ्या गळ्यात घालीन. तुझी तू मापं घे. मी दाराशी खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्याला सांगेन, थांबा हो, सूनबाई येतेय. पत्रेवाल्या, ऐकलंस?"

"ऐकलं. पण मला कशाला मध्ये घेता?"

"साक्षीला. एरवी तुझा उपयोग काय?"

बोलून गेल्या खऱ्या. पण त्या दुपारी जेवताना डावा हात फितीवरच होता. फीत गळ्यात नसली तर हात कुठे ठेवायचे, हेही काकूंना माहीत नव्हतं. बोलताना त्यांची बोटं सतत तिच्या टोकाशी चाळा करत असत.

दुसऱ्या दिवशी पावडरचं झाकण लावून बघितलं. त्याचे निम्मे वीस. नवी पाटी घेऊन दोघी दवाखान्यात गेल्या, तर ही पाटी कोपऱ्यांवर अडून बसली. ढकलली, तळहाताने थापटली, आत जायचं नाव नाही. पॉलिश सैल, पावडर घट्ट. आणि दोरीवर या दोघांच्या मध्ये झाकण नव्हतंच.

"एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस," सून बोटांवर मोजत म्हणाली. "सगळ्या कापून बघू. एक तरी बसेल."

"आंधळी कोशिंबीर खेळायची का? बसेल ती आपली?" काकू तडकल्या. "मला माप घ्यायचंय. नशीब काढून नाही बघायचं. ते तुझं चिमट्याचं लाव की इथे."

"कॅलिपरला समोरासमोर दोन काठ लागतात. झाकणाला ते आहेत. इथे गोलाचा पाव तुकडा आहे, आई. समोर काही नाहीच."

समोर काही नाहीच.

हे वाक्य काकूंच्या डोक्यात किडा होऊन शिरलं. त्या चौकटीजवळ गेल्या आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सरळ कड येते, येते, आणि कुठेतरी वळायला लागते. नेमकी कुठे? बोटाला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. वळण संपतं तेही तसंच, चोरपावलांनी. म्हणजे गोल कुठून सुरू झाला ते माहीत नाही, कुठे संपला ते माहीत नाही, त्याचा मध्य हवेत, आणि त्याला समोर काठ नाही. असल्या बेपत्ता माणसाची उंची कशी मोजायची? चाळीस वर्षं कोपरे मापले, आणि कोपरा म्हणजे काय हे आपण कधी बघितलंच नाही, असं काकूंना वाटलं. राग आला, पण त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी वळवळायला लागलं होतं. लहानपणी घड्याळाचं मागचं झाकण उघडून मार खाल्ला होता, त्या दिवशी असंच वळवळलं होतं.

"कागद आहे का गं?"

सुनेने पिशवीतून कोरे कागद काढून दिले. काकूंनी कागद चौकटीच्या कोपऱ्यावर धरला, पेन्सिल आडवी केली आणि हलक्या हाताने घासत गेल्या. नाण्यावर कागद ठेवून पोरं घासतात, तसं. लोखंडाचा काठ कागदावर काळ्या पट्ट्यासारखा उमटला, सरळ, मग वळणारा, मग पुन्हा सरळ. काकूंनी चारी कोपरे घेतले. मग दोन दारं सोडून पुढच्या दाराचे घेतले, ते आधीच्यांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. सगळे एकाच साच्यातले.

"आता हा घरी आणला कोपरा," त्या म्हणाल्या. "भिंतीत लपून बसला होता. आता कुठे जाईल?"

त्या रात्री त्या लवकर झोपल्या आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच दुकानात येऊन बसल्या. सून आली तेव्हा जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पॉलिशचं झाकण, पावडरचं झाकण, जेवणाचं ताट, बादलीचं बूड, भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलेलं, आणि रंगाच्या मोठ्या पिंपाचं झाकण. मध्ये काकू मांडी घालून, हातात सुताराचा गुण्या, म्हणजे तो लोखंडी काटकोन, आणि पुढ्यात कागदाच्या अरुंद पट्ट्यांचा ढीग.

मागोमाग पत्रेवाला आला. "काकू, पाट्या सोडून भांड्यांचं दुकान काढताय?"

"काढलं तर पहिलं गिऱ्हाईक तूच. तुझ्या डोक्यासाठी झाकण हवंच आहे. गप बस आणि इकडे बघ."

त्यांनी ताट गुण्याच्या कुशीत सरकवलं. ताट गुण्याच्या दोन्ही दांड्यांना टेकलं, आणि आत, जिथे दांड्या एकमेकींना भेटतात, तिथे एक रिकामी जागा राहिली.

"ही बघा पोकळी," काकू म्हणाल्या. "कोपरा टोकदार असता तर ही भरली असती. गोल आहे म्हणून रिकामी. म्हणजे गोलाने जेवढं खाल्लं तेवढं इथे दिसतं. आपण इतकी वर्षं गोलाकडे बघत बसलो. बघायचं होतं ते यानं काय सोडलं तिकडे."

गुण्याच्या टोकापासून ताटाचा काठ जिथे सगळ्यात जवळ येतो, तिथपर्यंतचं अंतर त्यांनी पट्टीवर नखाने खुणावलं. ती पोकळी. मग दुसरी पट्टी ताटाच्या मधोमध आडवी धरून, काठापासून काठापर्यंत तोडली आणि दुमडून निम्मी केली.

"ही गोलाई," त्या म्हणाल्या.

"त्रिज्या," सून म्हणाली.

"तुझी त्रिज्या, माझी गोलाई. भांडू नकोस. आता या गोलाईत ही पोकळी किती वेळा मावते?"

पोकळीची पट्टी गोलाईच्या पट्टीवर एकदा ठेवली, दुसऱ्यांदा ठेवली, आणि थोडा तुकडा उरला. दोनदा, आणि वर अर्ध्याहून थोडा कमी.

"बरं," सून म्हणाली. "ताटाचं झालं."

"ताटाचं झालं? बाई गं, मी सकाळपासून सगळ्यांचं केलंय." काकूंनी पट्ट्यांच्या जोड्या एकेक करून पुढ्यात मांडल्या. "हे घड्याळ. दोनदा, आणि वर थोडं. ही बादली. दोनदा, आणि वर थोडं. पॉलिश. दोनदा, आणि वर थोडं. लहान असो मोठं असो, हे एकच बोलतात. ठरवून आल्यासारखे!"

सून आता खाली बसली होती. "ते थोडं, सगळ्यांचं सारखंच थोडं आहे का?"

काकूंचे डोळे चमकले. सुनेने बरोबर प्रश्न विचारला की त्यांना आवडायचं, फक्त ते त्या तिला कळू देत नसत. "लहान झाकणावर ते नीट दिसत नाही. म्हणून तर पिंपाचं झाकण आणलं. हे बघ." त्यांनी लांबच लांब पट्ट्या घेतल्या. पिंपाच्या गोलाईतून दोन पोकळ्या वजा करून जो तुकडा उरला होता, तो त्यांनी पोकळीच्या पट्टीवर ठेवला. एकदा. दोनदा. आणि पुन्हा थोडं उरलं. "पोकळी गोलाईत जशी मावते, तसाच हा उरलेला पोकळीत मावतो. दोनदा, आणि वर थोडं. आता हे थोडं त्या उरलेल्यात घाल."

सुनेने घातलं. दोनदा, आणि वर थोडं.

"आणखी?"

"आणखी," सून म्हणाली आणि स्वतःच फाडायला लागली. दोनदा, आणि वर थोडं. आता तुकडा नखाएवढा झाला होता, त्याच्याहून लहान फाडता येईना.

पत्रेवाला तो तुकडा बोटावर घेऊन बघत होता.

"हे संपतच नाही म्हणजे," तो शेवटी म्हणाला.

"कागद संपतो," काकू म्हणाल्या. "ते नाही संपत." त्यांच्या हातावर काटा आला होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी पदराने हात पुसले.

सुनेने फोन काढला. पिंपाची गोलाई मिलिमीटरमध्ये मोजली, दोनशे ऐंशी. पोकळी, एकशे सोळा. भागाकार केला. "दोन पॉइंट चार एक चार," ती म्हणाली, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "आई, हे शाळेत होतं! चौरसाचा कर्ण, दोनाचं वर्गमूळ, त्यात एक मिळवला की हेच. हे पुस्तकात आहे."

"असेल की. पुस्तक लिहिणाऱ्यानेही कुणाचं तरी ताट मांडीवर घेतलं असेल." काकू उठल्या, गुडघा कटकन वाजला. "आता तो दवाखान्याचा चोर काढ."

कागदावर उमटवलेले कोपरे मेजावर आले. त्या काळ्या पट्ट्याच्या आतल्या कडेला काकूंनी पट्टी लावली, कारण पाटी आत बसणार होती. दोन्ही सरळ कडा वळणाच्या पुढे वाढवत नेल्या. कागदावर त्या एकमेकींना भेटल्या आणि लोखंडात जो टोकदार कोपरा कधी नव्हताच, तो कागदावर उभा राहिला. त्याच्या टोकापासून वळणापर्यंतची पोकळी आता मोजता येत होती.

सुनेने कॅलिपर पुढे केलं. काकूंनी मान हलवली. "थांब. पोकळीत अर्धा मिलिमीटर चुकला तर गोलाईत सव्वा मिलिमीटर चुकेल. दोनदा-आणि-वर-थोडं सगळ्यालाच लागू होणार ना, चुकीलासुद्धा? चारी कोपऱ्यांच्या पोकळ्या एकाच पट्टीवर, एकीपुढे एक मांडू. मग सगळी लांबी एकदाच मोजायची आणि तिचे चार भाग करायचे. चुकलं तर चौघांत वाटून जाईल."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिसरी शिकलेली बाई, ती मनात म्हणाली असेल. मोठ्याने नाही म्हणाली, हे तिचं भाग्य.

चारी मिळून अडतीस. चौथा हिस्सा साडेनऊ. सुनेने फोनवर गुणाकार केला.

"बावीस पॉइंट नऊ तीन. म्हणजे..."

"तेवीस," काकू म्हणाल्या, तारीख सांगावी तशा. "साचा करणारा काही बावीस पॉइंट नऊ तीनचा साचा करत नाही. माणूस आहे तो."

पत्रेवाल्याने टाळी वाजवली. "म्हणजे फीत वाचली, काकू!"

काकूंनी फितीचं टोक बोटाला गुंडाळलं. छाती फुगली होती. सून मशीनपाशी बसून आकडे घालत होती, आणि काकू मागे जाऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर त्यांना आकडे वाचता येत होते.

"तेवीस सांगितलं मी. हे बावीस पॉइंट सात पाच कुठून आणलंस?"

"पाटी आत सरकायला हवी ना, म्हणून चारी बाजूंनी पाव मिलिमीटर सैल ठेवतेय. कड पाव आत आली की गोलाईसुद्धा पावाने कमी करायची. मध्य तोच राहतो, आई, म्हणून जेवढं आत सरकाल तेवढा गोल लहान होतो. बाहेर याल तेवढा मोठा."

"बाहेर याल तेवढा मोठा," काकू म्हणाल्या.

त्या मेजापाशी परत आल्या. घासून काढलेला कोपरा तिथेच पडला होता. काळ्या पट्ट्याची आतली कड तेवीस. आणि बाहेरची कड? पट्टा केवढा रुंद? त्यांनी गळ्यातल्या फितीचं टोक त्याला लावलं. तीन मिलिमीटर. चौकटीच्या लोखंडाची जाडी. तेवीस आणि तीन सव्वीस.

पॉलिश.

झाकण खोटं बोललं नव्हतं. मशीन चुकलं नव्हतं, ॲक्रिलिक आखडलं नव्हतं. पॉलिशचं झाकण त्या चौकटीला केसभर फट न राहता बसलं होतं, पण बाहेरच्या काठाला. या दुकानात पहिल्यापासून पाटी आधी आणि चौकट मागून. पाटी कापायची, मग पत्रेवाला तिच्याभोवती पट्टी वाकवणार. माप घ्यायचं ते वस्तूच्या बाहेरच्या काठाचं, हात आपोआप तिथेच जायचा. दवाखान्यात चौकट आधी होती, पाटी तिच्या पोटात जायची होती, आणि काकूंचा हात सवयीने बाहेरच्या काठावर गेला. दुसऱ्या दाराकडे ढुंकूनही न बघता जिना उतरल्या होत्या त्या.

माप चुकलं होतं.

मशीन घरघरायला लागलं. काकूंनी तो कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि चहा टाकायला आत गेल्या.

शनिवारी सकाळी तिघंही दवाखान्यात गेली. पत्रेवाल्याला खरं तर कुणी बोलावलं नव्हतं. मुकादम आधीच दाराशी हजर होता. सुनेने पाटी दोन्ही तळव्यांवर धरून चौकटीसमोर नेली आणि हलकेच दाबली. आतली हवा ‘हुश्श’ करत बाहेर गेली आणि पाटी अशी बसली जसं पेनाला टोपण. चारी बाजूंनी सारखी, केसाएवढी रेघ. सरळ कडेला जेवढी, तेवढीच वळणावर. चंद्रकोर कुठे नाही.

मुकादमाने कोपऱ्यावरून नख फिरवलं. मग दुसऱ्या. मग चष्मा काढून तिसऱ्या. "वरच्या डॉक्टरांना बोलवू का बघायला?"

"बोलवा की," काकू म्हणाल्या. "त्यांना काही दिसलं तर आधी त्यांचे डोळे तपासा."

मुकादम हसत हसत किल्ल्या वाजवत गेला. पत्रेवाल्याने खिशातून हात काढला आणि काकूंना सलाम ठोकला. "चला. फीत जिथल्या तिथे. मी साक्षीदार."

दाराशेजारी रुग्णांसाठी लांब बाक होतं, त्यावर काकू जाऊन बसल्या. फीत छातीवर लोंबत होती. तिचे पहिले दोन इंच इतके झिजले होते की आकडे दिसत नसत, काकूंना ते पाठ होते. आता कुणीच काही म्हणणार नव्हतं. पाटी बसली होती. तेवीस त्यांनीच काढले होते, आणि असे काढले होते की पेंटर असते तर आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत सुटले असते. गप्प राहणं अगदी सोपं होतं. फक्त पोलक्यातला कागद टोचत होता.

"इकडे ये," त्या सुनेला म्हणाल्या.

सून आली. काकूंनी कागद काढून तिच्या मांडीवर उलगडला. "ही आतली कड तेवीस. हा पट्टा तीन. ही बाहेरची सव्वीस. मी झाकण इथे ठेवलं होतं." त्यांनी बोट बाहेरच्या कडेवर टेकवलं. "इथे. ठेवायचं होतं आतल्या कडेला."

पत्रेवाला वाकून बघायला आला आणि काकूंच्या नजरेने तिथेच थबकला.

काकूंनी दोन्ही हातांनी फीत मानेवरून काढली. केसात अडकली, पेन्सिल खाली पडली. ती उचलायला त्या थांबल्या नाहीत. फीत त्यांनी सुनेच्या गळ्यात घातली आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली, शाळेत जाणाऱ्या पोराचा गळपट्टा सारखा करावा तशी.

"मान ताठ ठेव. वाकलीस की टोक जमिनीला लागतं."

"मला माहीत होतं, आई," सून हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"बाहेरचं माप. मशीनमध्ये बावीस पॉइंट सात पाच घालताना माझ्याही लक्षात आलं. तेवीस नि तीन."

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. "दोन दिवस माहीत होतं? मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"तुम्ही सांगताय का ते बघत होते."

पत्रेवाला खोकला. काकूंनी फितीची टोकं पुन्हा एकदा ओढून सारखी केली.

"बरीच पोचलेली आहेस," त्या शेवटी म्हणाल्या. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते त्यांना स्वतःलाही मोजता आलं नसतं.

"आणि अजून एक," सून म्हणाली. "मी फितीने मापं घेत नाही. मला कॅलिपर पुरतं."

"मग टांग मशीनला. झाकणांच्या दोरीशेजारी. पण माप तुझं. शब्द दिलाय मी, आणि हा मेला साक्षीदार आहे."

"आणि तुम्ही काय करणार? दाराशी खुर्ची टाकणार?"

काकूंचा हात सवयीने गळ्याशी गेला, तिथे काही सापडलं नाही, मग तो कनवटीला गेला. तिथून त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी काढली, नखाच्या खुणांनी भरलेली. बाकाला पत्र्याची पाठ होती, तिचे कोपरे गोल होते. काकूंनी खाली पडलेली पेन्सिल उचलली, पाठीची वरची कड आणि बाजूची कड नजरेने पुढे वाढवली, ती जिथे भेटली असती तिथे हवेत पेन्सिलचं टोक धरलं आणि तिथून कोपऱ्यापर्यंत पट्टी लावली.

"हा पॉलिशहून मोठा आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांची नजर सुनेच्या हाताकडे गेली.

"तो फोन दे इकडे," त्या म्हणाल्या. "त्याचेही कोपरे गोल आहेत की."